मोरपंखी लॉट माझ्या हातून बिघडला

मास्टर,

तुम्ही मला आयुष्यात एकच गोष्ट बजावून सांगितली होती आणि ती मी मोडली. तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. परवा सकाळी आठ वाजता, पाळी बदलताना, मी पांडेसऱ्यात आपल्या जुन्या मिलच्या गेटसमोर उभा राहिलो आणि जे बोलायचं नाही असं तुम्ही म्हणाला होतात तेच मोठ्याने बोललो. तुम्ही असता तर माझा दंड धरून मला बाजूला ओढलं असतंत. मी ओढू दिलं नसतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे लिहिणार आहे त्यात माफी आहे, पण या एका गोष्टीची नाही.

आपल्या गाववाल्यांच्या मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर चार शब्द लिहून द्या, असा निरोप आला होता. चार शब्द म्हणजे कोणते, ते मला ठाऊक आहे. शिरपूरकडून सुरतेला आले, रंगाच्या वाफेत आयुष्य काढलं, स्वभावाने मनमिळाऊ होते. मनमिळाऊ तर तुम्ही अजिबात नव्हता. चहात साखर जास्त पडली तरी तुम्ही अर्धा दिवस बोलत नव्हता. मी म्हटलं, लिहीन, पण मिलमधलं लिहीन. निरोप आणणारे गृहस्थ भले आहेत. ते खाली बघत म्हणाले, "ते कशाला, श्रीधरराव? गेलेल्या माणसाची चूक उगाळू नये."

बघा. तुमच्या बाजूने बोलणाऱ्यालाही ती तुमचीच चूक वाटते.

आणि तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पांडेसऱ्यात, बमरोलीत आणि आता सचिन गावच्या नव्या युनिटांतही कपड्याचा रंग फसला की माणसं काय म्हणतात ते तुम्हाला माहीत होतं. "निंबा झाला." ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलं नाही, ज्यांना निंबा हे माणसाचं नाव आहे हेही माहीत नाही, ते उडिया आणि बिहारी कारागीरही म्हणतात, "ये तो निंबा हो गया." ज्या माणसाच्या हातून वीस वर्षांत लॉट फसला नाही, त्याचं नाव फसलेल्या लॉटला पडलं. तुमच्या दहाव्याला तापीच्या काठी आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो होतो. माझ्या मागे दोघे हलक्या आवाजात बोलत होते. एक जण सहज म्हणाला, "काल आमच्याकडे दोन निंबे झाले." दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. पहिल्याने जीभ चावली. आपण कुणाच्या दहाव्याला आलो आहोत ते त्याला आठवलं.

मी त्या वेळीही मागे वळलो नाही.  तुमच्या पिंडासमोरसुद्धा मी गप्प बसलो.

आता जे झालं ते सांगतो. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण हे वाचणाऱ्यांना नाही.

सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षी मी बँकेची नोकरी सोडली. आमच्या घरात बँकेची नोकरी कुणी सोडत नाही. वडील सहा महिने माझ्याशी एका शब्दाने बोलले नाहीत. रात्रीच्या क्लासात शिकलेल्या प्रोग्रामिंगवर मी धंदा करायला निघालो होतो आणि तुमची मिल हे माझं पहिलं काम होतं. मला जेटसाठी रेसिपी कार्डचा प्रोग्राम लिहायचा होता. जेट म्हणजे कपडा रंगवण्याचं बंद टाकीचं मशीन. त्यात कपडा किती, पाणी किती, रंग किती, ॲसिड किती, याचं कार्ड दर लॉटला बनायचं आणि खाली मास्टरची सही. तोवर ते कार्ड तुम्ही हाताने, तुमच्या लांबोडक्या वहीत बघून लिहीत होता. छोटे शेठ मुंबईला प्रदर्शन बघून आले आणि त्यांना ते कार्ड कॉम्प्युटरमधून निघायला हवं होतं.

पहिल्या दिवशी तुम्ही मला स्टुलावर बसवलंत आणि वही पुढे टाकलीत. "शीक," म्हणालात. "मग तुझ्या डब्याला शिकव."

शिकायला फार नव्हतं. कपड्याचं वजन सगळ्यांत वर. वजनाच्या दहापट पाणी. रंग वजनावर. आणि ॲसिड पाण्यावर, लिटरला अर्धा ग्रॅम. म्हणजे वजन बदललं की पाणी बदलणार आणि पाणी बदललं की ॲसिड. तुम्ही बोटं मोजून सांगितलंत, "वजन आजा, पाणी बाप, ॲसिड नातू." मी ते डायरीत लिहून घेतलं. वहीत एक गोष्ट मात्र मला विचित्र वाटली. जिथे जिथे वजन खोडून नवीन लिहिलं होतं, तिथे खालचे सगळे आकडेही एका उभ्या रेघेने खोडलेले होते. नुसते दुरुस्त केलेले नाहीत. आधी खोडलेले आणि मग शेजारी नवे लिहिलेले. काही पानांवर तर नवे लिहिलेलेच नव्हते. नुसती रेघ.

"हे अर्धवट का सोडलंत?" मी विचारलं.

"पार्टीनं माल परत नेला. लॉट झालाच नाही."

"मग खालचं खोडायची काय गरज होती?"

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी भलतीकडूनच कुठून तरी उठून आलो होतो. "वरचा गेला ना? मग खालच्या सगळ्यांना सुतक. सुतकातल्या आकड्याला हात लावायचा नाही. नवा आकडा येईल तेव्हा येईल. तोवर कोरं राहू दे, पण जुनं दिसायला नको. कोनी उचललं तर?"

मी हसलो. मी गणिताचा पदवीधर होतो आणि सुतक मला आमच्या घरी पुरेसं मिळालं होतं. मी म्हटलं, "मास्टर, सुतक बातमी कळल्यावर लागतं. कळलं नाही तर लागत नाही. माझा प्रोग्राम तसाच आहे. वजन बदललं की तो पाण्याला कळवणार, पाणी ॲसिडला कळवणार. कळलं की प्रत्येकजण आपापला आकडा बदलणार. एका क्षणाचं काम. मध्ये कोरं कशाला ठेवायचं?"

तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "मना बाप गावाकडे मेला तवा मला तार चौथ्या दिवशी मिळाली. मधल्या तीन दिवसांत मी एका बारशाला जाऊन गोड जेवून आलो. तू सांग, त्या तीन दिवसांत मना बाप जिवंत होता?"

"नाही. पण तुम्हाला दोष नाही लागत."

"मला नाही लागत. ॲसिडला लागतो. ॲसिडला शास्त्र नाही, श्रीधरभाऊ."

असा आपला वाद सुरू झाला आणि तो शेवटपर्यंत मिटला नाही. दर आठवड्याला मी काहीतरी नवीन घेऊन यायचो आणि तुम्ही नाक उडवायचात. तुमचं म्हणणं एकच: वर बदल झाला त्याच घडीला खालचे सगळे खोटे ठरतात, कुणी कळवो न कळवो. माझं म्हणणं: कळवण्याची सोय पक्की असली की झालं. आज वीस प्रोग्राम लिहून झाल्यावर सांगतो, तुमचं बरोबर होतं. मी हे त्या वेळीच ऐकलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

दोन महिने तुम्ही कार्ड कॉम्प्युटरवर काढायचात आणि मग वहीशी ताडून बघायचात. त्याने वेळ जायचा. छोटे शेठ मला विचारायचे, "श्रीधरभाई, मास्तर हजु नोटमां केम लखे छे?" अजून वहीत लिहितात म्हणजे प्रोग्राम बरोबर नाही, असाच त्याचा अर्थ होता. मला ते झोंबायचं. एक दिवस मी तुमच्या पुढ्यात उभा राहून म्हणालो, "मास्टर, एकतर वही नाहीतर कॉम्प्युटर. दोन ठिकाणी लिहून तुम्ही माझं नाव घालवताय."  तुम्ही वही मिटलीत, तिला सुतळी बांधलीत आणि रंग तोलायच्या खोलीत फळीवर ठेवून दिलीत.

"तुझ्या शब्दावर," तुम्ही म्हणालात.

हे दोन शब्द मी नंतर कुठेही गेलो तरी माझ्याबरोबर आले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मोरपंखी लॉट लागला. लग्नसराईचा माल, पार्टी मोठी. सकाळी फोल्डिंग खात्याच्या कारकुनाने वजन भरलं, एकशे वीस किलो. पाणी बाराशे लिटर, ॲसिड सहाशे ग्रॅम. दुपारी पार्टीने कापडाचे आणखी ताके पाठवले आणि तेही याच लॉटमध्ये घ्या म्हणाली. कारकुनाने प्रोग्राम उघडला, वजन एकशे ऐंशी केलं आणि सेव्ह करून कार्ड छापलं. कार्डावर वजन एकशे ऐंशी. पाणी अठराशे. रंग वाढलेला. ॲसिड मात्र सहाशेच. नऊशे हवं होतं.

तुम्ही कार्ड पाहिलंत, वरचे तीन आकडे बदललेले दिसले आणि सही केलीत. माझ्या शब्दावर.

ॲसिड कमी पडलं की त्या जातीचा निळा रंग उष्णतेत मरतो, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. तुम्हाला झाकण उघडल्याबरोबर वासावरून कळलं, असं ऑपरेटर नंतर सांगत होता. कपडा बाहेर आला तो मोरपंखी नव्हता, ओल्या राखेसारखा होता आणि तोही एकसारखा नाही. असा लॉट मग काळ्या रंगात घालतात, दुसरं काही करता येत नाही. तुमच्या हातचा पहिला लॉट काळ्यात गेला. सगळी मिल बघायला आली होती.

"मास्तर, आ शुं थयुं?" मोठे शेठ एवढंच म्हणाले. तुम्ही म्हणालात, "बघतो."

मोठ्या शेठनी कार्ड मागवलं. ॲसिडचा आकडा चुकीचा होता, हे सगळ्यांनाच दिसलं. मला बोलावलं. छोटे शेठ म्हणाले, प्रोग्राम चालवून दाखवा. मी वजन घातलं एकशे वीस, मग एकशे ऐंशी केलं, आणि एंटर, एंटर, एंटर करत खाली आलो. पडद्यावर ॲसिड नऊशे. सगळ्यांसमोर. छोट्या शेठचा चेहरा उजळला. मग ठरलं की आकडा हाताने फिरवला गेला असणार. कुणी, ते कुणी विचारलं नाही. सही कुणाची होती ते दिसतच होतं.

त्या वेळी मला खरोखर माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. मला कळलं ते तिसऱ्या दिवशी, घरी बसून एकेक ओळ वाचताना. मी प्रोग्रामला सांगितलं होतं की पडद्यावरच्या पाण्याच्या चौकटीतून कुणी एंटर मारून पुढे गेलं की ॲसिड नव्याने काढ. मी नेहमी तपासायचो तेव्हा एंटर मारत प्रत्येक चौकटीतून जायचो, म्हणून ते दर वेळी बरोबर यायचं. पण कारकुनाने वजन बदललं आणि मधल्या चौकटीत न जाता थेट सेव्हचं बटण दाबलं. पाणी प्रोग्रामने स्वतःच बदललं. माणसाचं बोट त्या चौकटीतून गेलंच नाही. त्यामुळे ॲसिडला कुणी काही कळवलं नाही आणि ते आपला सकाळचा आकडा धरून बसून राहिलं. बापाला आज्याची बातमी मिळाली होती, नातवापर्यंत ती पोचली नाही. आणि माझ्या प्रोग्रामात, न कळलेल्या आकड्याला खोटं ठरवायची काही सोयच नव्हती. ती सोय तुमच्या वहीत होती. एक उभी रेघ.

मी ती वही बंद करायला लावली होती.

आता माझी खरी लाज सांगतो. चूक होते. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातून रोज होते. ती माझी लाज नाही. माझी लाज पुढची आहे. मला कळलं आणि मी मिलमध्ये जाऊन बोललो नाही. मी विचार केला की हे पहिलं काम आहे. इथे प्रोग्राम खोटा ठरला तर दुसऱ्या मिलच्या दारातही मला कुणी उभं करणार नाही. मग मी परत जाऊन वडिलांसमोर उभा राहणार, आणि ते काही न बोलता पेपर वाचत राहणार. तेवढ्या एका दृश्याच्या भीतीने मी तुम्हाला सोडलं. कुठल्याही मोठ्या कारणासाठी नाही.

मी प्रोग्राम नीट केला. मग मिलमध्ये जाऊन छोट्या शेठना म्हटलं, नवीन आवृत्ती आणली आहे, अक्षरं मोठी दिसतात. अक्षरं खरंच मोठी केली होती. खोटं बोलायचं नाही एवढी काळजी घेतली होती मी.

तुम्ही त्या वेळी तिथे होता. ती तुमची तिथली शेवटची पाळी होती. शेठनी जा म्हटलं नव्हतं, पण जेट दुसऱ्याकडे देऊन तुम्हाला धुलाईवर टाकलं होतं, आणि तुम्ही धुलाईवर जाणारे नव्हता. तुम्ही माझ्या मागे येऊन उभे राहिलात. कारकून नवीन कार्ड भरत होता. त्याने वजन बदललं. त्याबरोबर पाणी, रंग, ॲसिड, तिन्ही चौकटी कोऱ्या झाल्या, आणि मग वरून खाली एकेक आकडा उमटला. तुमची रेघ मी प्रोग्रामात घातली होती. त्या भागाला मी नावही ‘सुतक’ असंच दिलं होतं. ते कुणाला पडद्यावर दिसत नाही.

तुम्ही म्हणालात, "आता कोरं होतं."

मी म्हटलं, "हो."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी कीबोर्डकडे पाहिलं. तुम्हाला सगळं कळलं, त्या क्षणी, त्या एका शब्दावरून. तुम्ही शेठच्या केबिनपासून दहा पावलांवर होता. तुम्ही फळीवरची वही काढलीत, काखेत घातलीत आणि गेटबाहेर गेलात.

पुढची वर्षं तुम्ही बमरोलीच्या एका छोट्या युनिटात दुसऱ्या मास्टरच्या हाताखाली काढलीत. मी यायचो. आधी महिन्यातून एकदा, मग दर रविवारी. तुम्ही कधी दार लावलं नाहीत. पहिल्या वेळी मी उंबऱ्यातच बोलायला लागलो, तर तुम्ही म्हणालात, "आधी चहा पी." चहा झाल्यावर मी सगळं सांगितलं. एंटरचं, सेव्हच्या बटणाचं, माझ्या वडिलांचं.  तुम्ही शेवटी विचारलंत, "कार्डावर सही कोनाची?"

"तुमची."

"मग?"

"आकडा माझा होता, मास्टर."

"आकडा कोनाचा बी असो. सही करनाऱ्यानं बघायचं असतं."

"तुम्ही बघितलं असतंत. वही मी बंद करायला लावली."

"तू लावली, मी केली. मी काय तान्हं पोर होतो?"

मी म्हटलं, उद्याच जाऊन शेठना सांगतो. तेव्हा तुम्ही मला ते बजावलंत. "नाही सांगायचं. तू सांगशील, तुझं मन हलकं व्हईल. अन् तिकडे? प्रोग्राम काढून फेकतील, नवा मास्टर अंदाजानं ॲसिड ओतंल. आता बरोबर चालतंय ना? चालू दे. एक नाव गेलं ते गेलं. कोनाला सांगशील तर या घरात पाय ठेवू नको."

मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. पण मी ऐकलं. मोठ्या मनाने ऐकलं असा माझा आव असायचा. खरं तर ते ऐकणं मला फार सोयीचं होतं. तुम्ही मोठेपणाने मला गप्प केलंत आणि मी तुमच्या मोठेपणाच्या आड लपलो. त्या आडोशाला बसून मी वीस मिलना प्रोग्राम दिले. प्रत्येकात तुमची रेघ आहे. लोक मला विचारतात, तुमच्या प्रोग्रामात आकडा कधी शिळा कसा राहत नाही? मी हसून म्हणतो, अनुभव.

आपला वाद मात्र छान रंगायचा. मध्ये विंडोजचे, खिडक्यांचे नवे प्रोग्राम आले, तेव्हा मी आनंदाने सांगायला आलो की आता माणसाच्या बोटाची वाट बघावी लागत नाही, प्रोग्रामने आकडा बदलला तरी ज्याला त्याला कळतं. तुम्ही बिडी विझवत म्हणालात, "अन् कळवनाराच झोपला तर?" मी म्हटलं, तो झोपत नाही. "मी बी झोपत नव्हतो," तुम्ही म्हणालात आणि इतके हसलात की खोकला लागला. तुमच्या तोंडून त्या लॉटवर निघालेली ही एकच थट्टा. त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं होतं, मास्टर यातून बाहेर आले.

तुम्ही बाहेर आला नव्हता. हे मला दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींकडून कळलं.

मी बमरोलीला तुमच्या घरी गेलो आणि खोलीत बसून त्यांना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला नाही. मी रडत होतो. माझं झाल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "भाऊ, हाई तुम्ही त्या व्हतात तवय का नही सांगं?"

मी म्हटलं, त्यांना सांगितलं होतं. त्यांनीच बोलू दिलं नाही.

"त्यासले नही. लोकेसले." लोकांना का नाही सांगितलं, असं त्या विचारत होत्या. मग त्यांनी जे सांगितलं ते तुम्ही मला कधी कळू दिलं नाहीत. बाजाराला जाताना तुम्ही मिलचा रस्ता सोडून खाडीकडून फिरून जात होता. नव्या युनिटात कुणी ‘निंबा झाला’ म्हटलं की पोरांसारखं काम टाकून बाहेर जाऊन उभे राहत होता. शेवटच्या दिवसांत तापात तुम्ही आकडे म्हणत होता. वहिनींना त्यातलं कळायचं नाही, पण एक आकडा सारखा यायचा म्हणाल्या. नऊशे.

एक नाव गेलं ते गेलं, असं तुम्ही मला सांगितलं होतंत. खोटं बोललात, मास्टर. माझ्यासाठी खोटं बोललात.

मी म्हटलं, मंडळाच्या अंकात सगळं लिहितो. वहिनी म्हणाल्या, "अंक कोण वाचस? जेटवर काम करनारा वाचस का?" आणि थोड्या वेळाने, "जठे नाव पडनं, तठे जाईसन सांगा."

म्हणून परवा गेलो. रात्रपाळी बाहेर येत होती, दिवसपाळी आत चालली होती. मी गेटसमोरच्या बाकड्यावर चढलो आणि ओरडून सांगितलं की निंबा मास्टरांच्या मोरपंखी लॉटबद्दल बोलायचं आहे. थांबायला कुणाला वेळ नसतो, पण तुमचं नाव ऐकून माणसं थांबली. काही हसायला थांबली. मी मराठीत बोललो, मग हिंदीत. वजन, पाणी, ॲसिड, एंटर, सेव्हचं बटण. ऑपरेटरना दोन वाक्यांत कळलं. मिलमध्ये मला जे समजवायला महिना लागेल असं वाटायचं, ते त्यांना दोन वाक्यांत कळलं. मी म्हटलं, "आकडा माझ्या प्रोग्रामाने चुकवला. मला तिसऱ्या दिवशी कळलं आणि मी गप्प बसलो. मास्टरना माहीत होतं, तरी त्यांनी मला वाचवलं."

छोटे शेठ गाडीतून उतरले. आता तेच शेठ आहेत. "श्रीधरभाई, आ शुं मांड्युं छे? जूनी वात छे." मी म्हटलं, माणूस परवापर्यंत होता, वात जुनी नाही. ते जवळ येऊन हळू म्हणाले की माझा प्रोग्राम अजून त्यांच्याकडे चालतो, हे ऐकून तो काढायचा का? त्यात धमकी किती आणि प्रश्न किती, ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "काढा. नाहीतर ठेवा. पण ठेवलात तर तो मास्टरच्या वहीवर चालतो, एवढं माहीत असू द्या." तुम्हाला ज्याची भीती होती ते कदाचित होईल, मास्टर. होऊ दे. कामापुढे नाव काहीच नाही, हे तुमचं म्हणणं मी मानत नाही. तुम्ही असताना मानलं नव्हतं, आता तर मुळीच मानणार नाही.

शेठ आत गेले. गर्दी फुटायला लागली. चाळिशीचा एक जेट ऑपरेटर मात्र डबा काखेत धरून तसाच उभा होता. नंदुरबारकडचा असावा. तुमच्यानंतर आलेला, तुम्हाला न पाहिलेला. तो म्हणाला, "साहेब, पटलं. आजपासून आपण निंबा नाही म्हणनार. पन लॉट तर फसतातच. काहीतरी म्हनावं लागंल ना? मग काय म्हनायचं?"

"श्रीधर म्हणा," मी म्हटलं.

मागे कुणीतरी हसलं. तो हसला नाही. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मग मान वळवून गेटच्या आत, जेटच्या दिशेला पाहिलं आणि एकदा म्हणून बघितलं, "श्रीधर झाला."

"जरा लांब पडतं," तो म्हणाला. "पन चालंल."